नाकावरच्या कॅन्सरला ब्रॅकीथेरपी: आपल्या मराठवाड्यात कुणी घेतली आहे का?

माजलगावकर (धागाकर्ता)

मंडळी, मामांसाठी विचारतोय. वय ७४. सगळी हयात कापसात आणि उन्हात गेली. नाक आणि गाल जिथं मिळतात त्या खाचेत, डाव्या बाजूला, एक काळपट फोड होता. घरात सगळे त्याला चामखीळ म्हणत. खपली धरायची, तोंड धुताना निघायची, टॉवेलला रक्ताचा ठिपका लागायचा, पुन्हा खपली. दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. यंदा दिवाळीला गेलो तर मधे खड्डा पडलेला आणि भोवती चकचकीत कड.

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला: बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा कॅन्सर), नोड्युलर, म्हणजे गाठीसारखा. आकार दीड सेंटिमीटरच्या आत.

सर्जन म्हणाले, काढून टाकू. पण जागा अशी की नुसते टाके घालून जमणार नाही, शेजारची कातडी वळवून लावावी लागेल. मामांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. आणि मुख्य म्हणजे ते ऐकायलाच तयार नाहीत. 'नाकाला सुरी लावू देणार नाही, हाय तसं राहू द्या.' एवढंच. दुसऱ्या डॉक्टरांनी ब्रॅकीथेरपीचं (गाठीच्या अगदी जवळून द्यायची किरणं) सुचवलं. मी हे नाव आजवर फक्त बायकांच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी ऐकलं होतं.

नाकावर ती देतात कशी? गुण येतो का? मुंबईच गाठावी लागते की इकडं होतं? फुले योजनेत बसतं का? ज्यांनी घेतली किंवा दिली त्यांनी लिहा. ऐकीव नको.

बाप्पा_परळी

माजलगावकर, एवढं भिऊ नका. आमच्या गल्लीत एका आबाच्या गालावर असंच होतं. बिब्बा तापवून लावला, पंधरा दिवसात गळून पडलं. दवाखानेवाले कॅन्सर मनलं की माणसाला निम्मं मारायलेत. अन् किरणं दिल्यावर उलट पसरतंय मनतेत. आधी साधं करून बगा.

डॉक्टरीण_लातूर

बाप्पा, हात जोडते, हे लिहू नका. कुणीतरी वाचून खरंच लावेल.

बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. वरचं गळून पडतं, खाली मुळं तशीच राहतात, वर व्रण धरतो आणि गाठ त्या व्रणाखाली वाढत राहते. मग ती कुठपर्यंत पोचली हे ना डोळ्याला कळत ना हाताला. माझ्याकडे नाकागालाचे जे अवघड पेशंट येतात त्यांत बिब्बा, चुना-सोडा लावलेले किंवा कुठंतरी 'मशीनने' जाळून घेतलेले बरेच असतात. तपासणीला न पाठवता काहीही जाळणं मला तरी अक्षम्य वाटतं. तुमच्या गल्लीतल्या आबांना खरोखरच चामखीळ असेल. ती गेली आणि नाव बिब्ब्याचं झालं. किरणांनी पसरतं हेही खरं नाही.

माजलगावकर, तुमच्या मामांना झालाय तो त्यातल्या त्यात सौम्य. बेसल सेल शरीरात दुसरीकडे जवळजवळ कधीच जात नाही. पण जागेवर खात राहतो: आधी कातडी, मग कूर्चा, मग हाड. नाकाच्या त्या खाचेत तो दिसतो त्यापेक्षा खोल असण्याची शक्यता जास्त. आपल्या सावळ्या कातडीत त्याला बऱ्याचदा काळा रंग असतो, म्हणून तो तीळ नाहीतर चामखीळ वाटतो. परदेशी पुस्तकांतला गुलाबी चकाकता फोड इकडे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार स्क्वॅमस सेल. तो जास्त खोडसाळ. ओठावर किंवा कानावर असेल तर मानेतल्या गाठी चाचपून बघायलाच हव्यात. या दोन्हींना किरणोपचार चालतात. मेलानोमा (कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर) निराळा, त्याचा मुख्य उपचार ऑपरेशनच.

रिपोर्टवर नोड्युलर लिहिलंय हे बरं आहे. तिथे 'इन्फिल्ट्रेटिव्ह' (आत मुळं पसरलेला), 'मॉर्फिफॉर्म' (व्रणासारखा पसरट) किंवा 'पेरिन्युरल इन्व्हेजन' (नसांच्या कडेने शिरलेला) असं काही असतं तर मी ब्रॅकीथेरपीचा विषयच काढू दिला नसता, कारण तिथे गाठीची हद्द वरून ओळखता येत नाही. रिपोर्ट पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

परभणीचा_फिजिसिस्ट

मूळचा सेलूचा, सध्या पुण्यात किरणोपचार विभागात. डोसाची आखणी करणं हेच रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्रॅकीथेरपीत किरणं लांबून मारत नाहीत, त्यांचा स्रोतच गाठीपाशी नेऊन ठेवतात. आम्ही त्याला 'सोर्स' म्हणतो. इरिडियम-१९२ चा साडेतीन-चार मिलिमीटर लांब तुकडा, जाडी मिलिमीटरच्या आत, एका बारीक तारेच्या टोकाला बसवलेला. एरवी तो यंत्रातल्या जड धातूच्या कप्प्यात बंद. पेशंटच्या नाकावर साचा बसवतात, साच्यात पोकळ नळ्या असतात. नळ्या यंत्राला जोडल्या की आम्ही सगळे बाहेर. बटण दाबल्यावर तार सरकत जाते, ठरलेल्या प्रत्येक जागी ठरलेले सेकंद थांबते आणि परत कप्प्यात. खोलीत पेशंट एकटा, पण कॅमेऱ्यात दिसतो, माईकवर बोलता येतं. दुखत नाही. तार परत गेली की अंगात काही उरत नाही. घरी जाऊन नातवाला मांडीवर घेतलं तरी चालतं. हा प्रश्न रोज येतो म्हणून आधीच लिहून टाकला.

जवळ ठेवण्याचा फायदा असा: शेकोटीपाशी बसल्यावर पुढून भाजतं आणि जरा मागं सरकलं की सोसवतं, तसंच. अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो. वरच्या चार-पाच मिलिमीटरला भरपूर मिळतं आणि खालच्या हाडाला, शेजारच्या डोळ्याला पुष्कळ कमी.

आता नाकाची अडचण. टक्कल किंवा पाठ असेल तर सिलिकॉनच्या मण्यांची तयार पट्टी मिळते, फ्रायबर्ग फ्लॅप. मणी एक सेंटिमीटरचा, नळी त्याच्या मधून जाते, त्यामुळे सोर्स कातडीपासून पाच मिलिमीटरवर राहतो. लहान गोल गाठीसाठी टंगस्टनचे अॅप्लिकेटर असतात, लाइपझिग आणि व्हॅलेन्सिया नावाचे. नाकपुडीच्या खाचेत यातलं काही नीट टेकत नाही, मधे हवा राहते, आणि तिथली प्रत्येक मिलिमीटरची पोकळी डोस बिघडवते. म्हणून त्या माणसाच्या नाकाचा साचा घ्यावा लागतो. मेण किंवा गरम पाण्यात मऊ होणारं प्लॅस्टिक वापरून तो तयार करायचा, त्यात नळ्या रोवायच्या, मग सीटी स्कॅन करून कुठं किती सेकंद हे ठरवायचं. नाकाच्या आत मेणात मढवलेला शिशाचा तुकडा ठेवतात, मधला पडदा वाचावा म्हणून. या साच्यातच सगळं कसब आहे. यंत्र पुष्कळ ठिकाणी असतं, नाकाचा साचा मन लावून करणारा माणूस सगळीकडे नसतो. तुम्ही चौकशी कराल तेव्हा 'ब्रॅकी आहे का' असं विचारू नका. 'चेहऱ्यावर मोल्ड (साचा) करून ब्रॅकी देता का, आणि किती जणांना दिली' असं विचारा.

गाठ पाच मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर वरून देऊन भागत नाही. मग बारीक नळ्या गाठीतून आरपार ओवाव्या लागतात, म्हणजे भूल आणि टोचणी आलीच. तेव्हा जाडी आधी मोजून घ्या. कातडीची सोनोग्राफी पुरते.

डोस केंद्रागणिक वेगळा. कुणी ४० ते ४४ ग्रे (किरणांच्या डोसाचं माप) देतं, आठ-दहा वेळांत. कुणी ४२ ग्रे सहा-सात वेळांत, आठवड्यातून दोनदा. बाहेरून द्यायच्या किरणांसाठी बहुधा तीन ते सहा आठवडे रोज जावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला हा फरक लहान नाही.

जाता जाता: हे काही नवं तंत्र नाही. क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं १८९८ साली, आणि १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला चेहऱ्यावरच्या बेसल सेलवर ते वापरून झालं होतं. या उपचाराची सुरुवातच कातडीपासून झाली. आपल्याकडे यंत्रं आली ती गर्भाशयमुखासाठी, आणि कातडी मागं पडली.

बाप्पा_परळी

डॉक्टरीणबाई, बिब्ब्याचं मागं घेतो. पण एक सांगा, एवढं सोपं हाय तर मग सर्जन लोक कापायचंच कामून मनतेत?

टाके_घालणारा

बाप्पा, त्याचं उत्तर मी देतो, मी त्याच बाजूचा आहे. प्लास्टिक सर्जन, गाव सांगत नाही.

आम्ही 'कापू' म्हणतो कारण कापलेला तुकडा आमच्या हातात येतो. पॅथॉलॉजिस्ट त्याच्या कडा बघतो आणि लिहून देतो की सगळं निघालं की नाही. किरणांत असा कागद मिळत नाही. गाठ विरघळलेली दिसते, पण कडेला काही पेशी उरल्या का हे कळायला वर्षं जावी लागतात.

आकडेही आहेत. पॅरिसच्या गुस्ताव रूसी संस्थेने चेहऱ्यावरच्या बेसल सेलचे ३४७ पेशंट घेतले, सगळ्या गाठी चार सेंटिमीटरच्या आतल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना किरणं. निष्कर्ष छापून आले १९९७ मध्ये. चार वर्षांनंतर ऑपरेशन फसल्याचं प्रमाण ०.७ टक्के, किरणं फसल्याचं ७.५ टक्के. दिसायला चांगलं झालं असं म्हणणारेही ऑपरेशनच्या गटात जास्त, ८७ विरुद्ध ६९ टक्के. 'किरणांनी चेहरा जास्त चांगला राहतो' हे जे सगळीकडे सांगतात ना, ते इतकं सरळ नाही.

आणखी दोन गोष्टी. ऑपरेशननंतर गाठ परत आली तर किरणं हाताशी असतात. किरणांनंतर परत आली तर त्या कातडीवर टाके धरायला त्रास होतो, आणि त्याच जागी पुन्हा किरणं देणं सहसा होत नाही. दुसरं, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा बाऊ नको. कातडीची अशी ऑपरेशनं जागेपुरती भूल देऊन, बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच होतात. त्या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेंट बंद पडला तर नाकाचं राहील बाजूला.

आता मामांची बाजू. वय ७४, जागा खाचेतली, फ्लॅप (शेजारची वळवलेली कातडी) लागणारच, आणि पेशंटचा ठाम नकार. अशा माणसाला ओढून टेबलावर घेण्यात मला अर्थ दिसत नाही. मी असतो तर किरणोपचारवाल्यांकडे चिठ्ठी दिली असती.

परभणीचा_फिजिसिस्ट

डॉक्टर, पॅरिसचे आकडे मान्य. एवढंच जोडतो की त्या किरणांच्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना इरिडियमच्या तारा आतून घातल्या होत्या, बाकीच्यांना जुन्या पद्धतीचे क्ष-किरण. पेशंट ऐंशीच्या दशकातले, सीटीवर योजना आखणं तेव्हा फारसं नव्हतं. आजच्या साचा-पद्धतीचे जे अहवाल आहेत त्यांत नीट निवडलेल्या गाठी ९० टक्क्यांहून जास्त लोकांत जागेवर परत येत नाहीत. पण हे अहवाल एकेका केंद्राचे, आपापल्या पेशंटचे. ऑपरेशनशी समोरासमोर तुलना करून मिळालेले नव्हेत. म्हणून ऑपरेशन पहिलं, हे मीही पेशंटला सांगतो.

डॉक्टरीण_लातूर

सहमत. यात वयाचाही भाग आहे. किरणं दिलेली कातडी वर्षागणिक पातळ, कोरडी होत जाते आणि वीस-तीस वर्षांनी तिथेच नवा कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढतो. सत्तरीतल्या माणसाला तो हिशोब लागत नाही, चाळिशीतल्याला लागतो. ज्यांना जन्मजात झेरोडर्मा किंवा गॉर्लिन सिंड्रोम आहे (यांत कातडीचे कॅन्सर पुन्हा पुन्हा होतात) त्यांना शक्यतो किरणं देऊच नयेत. ल्युपस, स्क्लेरोडर्मा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे आजार) असलेल्यांनी आधी सांगावं. गुडघ्याखालच्या पायावर जखम लवकर भरत नाही, मधुमेह असेल तर आणखीच.

आष्टीची_लेक

माझ्या आईला दिली होती, म्हणून लिहिते. कानशिलावर स्क्वॅमस सेल, वय सत्तरीच्या पुढे. आष्टीहून आम्हाला संभाजीनगरपेक्षा पुणं सोयीचं, तिकडेच घेतली.

उपचार चालू असताना काहीच झालं नाही. आई म्हणायची, 'नुसतं झोपवतेत अन् मशीन किर्र करतंय, याला काय इलाज म्हणायचा?' खरा त्रास संपल्यावर सुरू झाला. आधी जागा लाल झाली, मग ओली, पाणी सुटायला लागलं, मग जाड पिवळी खपली. आम्ही घाबरलो, वाटलं बिघडलं. मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं की संपल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते सगळ्यात वाईट दिसतं आणि तेच अपेक्षित असतं. फोन लावला तर पलीकडून 'पुढच्या तारखेला या' एवढंच उत्तर. दीड-दोन महिन्यांत जागा भरून आली.

पण डाग राहिला. पांढरा, रुपयाएवढा, कडेला बारीक लाल शिरा. त्या भागातले केस गेले ते गेलेच. आमच्याकडं पांढरा डाग म्हटलं की लोक काय समजतात हे सांगायला नको. पुतणीच्या लग्नात एका बाईंनी आईच्या ताटाशेजारी बसायचं टाळलं. आई पदर ओढून घेते आता. माझ्या भावाचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांना मी स्वतःहून सांगितलं की हा कोड नाही, इलाजाची खूण आहे, आणि कोड असता तरी तो कुणाला लागत नाही. गोऱ्या लोकांच्या कातडीवर हा डाग दिसत नसेल. आपल्या कातडीवर दिसतो. माजलगावकर, मामांना हे आधीच सांगून ठेवा.

गाठ मात्र परत आलेली नाही.

डॉक्टरीण_लातूर

ताई, फार कामाचं लिहिलंत. त्या खपलीच्या दिवसांत साध्या पाण्याने हळू धुवायचं, चोळायचं नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, खपली नखाने काढायची नाही. हळद नको, राख नको, आणि बाप्पांचं ते तर नकोच. ताप आला, पू दिसला, वास यायला लागला तर तारखेची वाट बघू नका.

डाग काही जणांत कालांतराने थोडा मावळतो, पूर्ण जातोच असं नाही.

बाप्पा_परळी

माझ्या नावानं पावती फाडायलेत सगळे 😀 फाडा.

कळंबकर

धाग्यावर घुसतोय, माफ करा. माझ्या मेव्हण्याचा पाय लहानपणी चुलीपाशी भाजला होता. पोटरीवरचा तो व्रण कायम ताणलेला असायचा. आता वय ४१. मागच्या पावसाळ्यात व्रणात चीर पडली, ती काही केल्या भरेना, उलट कडेला फुलकोबीगत मांस वाढायलंय, वास येतो. ड्रेसिंग चालू आहे. याला ही किरणं चालतील का?

टाके_घालणारा

कळंबकर, हे वाचून ड्रेसिंग बदलत बसू नका. जुन्या भाजलेल्या व्रणात न भरणारी जखम आणि वाढणारी कड म्हणजे मार्जोलिन अल्सर असू शकतो. भाजल्यापासून दहा-वीस-तीस वर्षांनी तिथे स्क्वॅमस सेल कॅन्सर होतो तो. साध्या उन्हाच्या कॅन्सरपेक्षा तो खट असतो आणि जांघेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. या आठवड्यात तुकडा तपासायला द्या, आणि तो जखमेच्या मधून नाही तर कडेवरून, दोन-तीन ठिकाणांहून घ्यायला सांगा. मधून घेतला तर नुसता सडका भाग येतो आणि रिपोर्ट 'काही नाही' म्हणतो.

कॅन्सर निघाला तर इलाज ऑपरेशन. ब्रॅकीथेरपी इथे नाही: व्रणाची कातडी, पोटरी, वय ४१, सगळंच विरोधात.

डॉक्टरीण_लातूर

हेच. तुम्हाला बार्शी जवळ पडेल, नर्गिस दत्त हॉस्पिटल. आणि या निमित्ताने सांगते, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीलाच १९८७ मध्ये सुरू झाली, बार्शीसोबत तुमच्या शेजारचे परंडा आणि भूम तालुके धरून. गावोगाव फिरून नोंदी. त्या नोंदींतून कळलं की इकडच्या बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यात जास्त. वर फिजिसिस्ट म्हणाले ना यंत्रं त्यासाठी आली, ते उगीच नाही. कातडीचा कॅन्सर आपल्याकडे एकूणात कमीच, म्हणून त्याची रांगही नाही आणि सवयही नाही.

उदगीरची_मावशी

व्हॉट्सअॅपवर 'साडी कॅन्सर' फिरत होतं. परकराच्या नाडीने होतो म्हणे. खरं का?

डॉक्टरीण_लातूर

मावशी, अगदी क्वचित. कमरेवर एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट नाडी काचून न भरणारी जखम राहिली तर तिथे होऊ शकतो. धोतराच्या गाठीखालीही पाहिलेला आहे. काचल्याने काळं पडणं म्हणजे कॅन्सर नव्हे. नाडीऐवजी रुंद पट्टा घाला, आणि जखम भरत नसेल तर दाखवा. यावर वेगळा धागा काढा हवं तर.

नांदेड_गोदाकाठ

मी एक व्हिडिओ पाहिला. जर्मनीत की कुठं, कातडीच्या कॅन्सरवर एक मलम लावतात, तास-दोन तास ठेवतात आणि झालं, एकाच बैठकीत. आमच्याकडून हैदराबाद जवळ, तिथं मिळेल का ते? मामांना एवढ्या फेऱ्या कशाला?

परभणीचा_फिजिसिस्ट

ते ऱ्हेनियम-१८८. मलम कातडीला थेट लावत नाहीत, आधी पातळ पापुद्रा चिकटवून त्यावर पसरतात, मग सगळं उचलून घेतात. त्यातून बीटा किरणं निघतात, ती दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे फारशी जात नाहीत. पातळ गाठीला चांगलं, कान-नाकाच्या वेड्यावाकड्या जागेलाही चांगलं. पण अर्धायुष्य (ताकद निम्मी व्हायचा काळ) १७ तास. म्हणजे आज बनवलं तर उद्या रात्रीपर्यंत चौथाईसुद्धा उरत नाही, त्यासाठी शेजारीच सोय लागते. आपल्या बीएआरसीतही (भाभा अणुसंशोधन केंद्र) तशीच बीटा किरणं देणाऱ्या फॉस्फरस-३२ च्या चकत्यांवर काम झालेलं आहे. नांदेडहून उठून घेता येईल असा रोजचा इलाज म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नका.

आणखी एक, परदेशी जाहिरातींत 'इलेक्ट्रॉनिक ब्रॅकीथेरपी' दिसेल. तिथे इरिडियम नसतं, छोटी क्ष-किरणांची नळी असते, ५० किंवा ६९.५ किलोव्होल्टची. काम तेच. फक्त जाड भिंतींची खोली लागत नाही.

माजलगावकर

सगळ्यांचे आभार. पैशांचं आणि जागेचं कुणी सांगाल का? मामा कोरडवाहू, पिवळं रेशनकार्ड.

आरोग्यमित्र_बीड

मी योजनेच्या टेबलावर बसतो, त्यामुळे हे माझ्याकडे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार येतात आणि ब्रॅकीथेरपी त्यातच धरलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. अट एकच, रुग्णालय योजनेत अंगीकृत हवं आणि त्या विभागासाठी हवं. नुसतं 'आमच्याकडं योजना आहे' यावर जाऊ नका. काही ठिकाणी योजना बाळंतपणाला असते, किरणांना नसते. रेशनकार्ड, आधार, तपासणीचा मूळ रिपोर्ट आणि जागेचा फोटो घेऊन जा. मंजुरी आल्याशिवाय पैसे भरू नका, नंतर परत मिळवताना चपला झिजतात. येण्याजाण्याचं आणि राहण्याचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं, आणि माझ्या पाहण्यात पेशंट मधेच सोडून जातात ते त्यामुळेच.

बीड जिल्ह्याला पहिला पत्ता छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, आमखास मैदानापाशी. २०१२ पासून चालू आहे, टाटा मेमोरियलशी जोडलेलं. आधी घाटीत (तिथलं मोठं सरकारी रुग्णालय) जाऊन रांगेत उभे राहणारे पुष्कळ, तसं करू नका, थेट तिकडं जा. सकाळी लवकर.

टाके_घालणारा

आणि तिथे सर्जन आणि किरणोपचार दोघांनाही एकाच दिवशी दाखवून घ्या. दोघांनी एकत्र बसून ठरवलं पाहिजे. वेगवेगळं विचारलंत तर प्रत्येक जण आपलं सांगणार, माझ्यासकट.

माजलगावकर

अपडेट. दाखवून आलो. कुठं ते लिहीत नाही. दोन्ही विभागांनी पाहिलं. सोनोग्राफीत जाडी चार मिलिमीटर, कूर्चेला लागलेलं नाही. सर्जननी पुन्हा एकदा ऑपरेशनचं नीट समजावलं, कातडी कुठून वळवणार ते कागदावर काढून दाखवलं. मामांनी ऐकून घेतलं आणि 'नको' म्हणाले. मग साचा करून ब्रॅकीथेरपी ठरली, आठवड्यातून दोनदा. पांढऱ्या डागाचं मी आष्टीच्या ताईंचं वाचून दाखवलं. त्यावर 'मला कुठं आता पोरगी बघायला जायचंय' असं उत्तर आलं.

साचा घेताना नाकात बोळे घालून तोंडाने श्वास घ्यायला लावला, तेवढ्यानेच ते वैतागले. पण झालं एकदाचं. आता अडलंय असं की सोर्स बदलायचा आहे म्हणून पुढच्या आठवड्यानंतरची तारीख दिली. हे काय प्रकरण? थांबल्याने वाढणार नाही ना? मधे हरभरा काढणीला येतोय, मामांचं अर्धं चित्त तिकडं.

परभणीचा_फिजिसिस्ट

नोड्युलर बेसल सेल आठ-पंधरा दिवसांत हलत नाही, निश्चिंत राहा. त्यांनी इतकी वर्षं अंगावर काढलंय. स्क्वॅमस असता तर मी इतकं सहज म्हटलं नसतं.

इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवस. म्हणजे अडीच महिन्यांत ताकद निम्मी होते आणि जो डोस पाच मिनिटांत जायचा त्याला दहा मिनिटं लागतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी नवा सोर्स मागवतात. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगीने येतो, जुना परत जातो, नव्याची ताकद मोजून बघितल्याशिवाय पेशंट घेत नाहीत. काही ठिकाणी कोबाल्ट-६० चा सोर्स असतो, त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, तिथे ही कटकट कमी. डोस दोन्हींत तोच, फक्त वेळ बदलते. मामांना नव्या सोर्सवर कमी वेळ पडून राहावं लागेल, तेव्हा थांबलेलं फायद्याचंच.

हरभरा उरकून घ्या. पण एकदा सुरू झाल्यावर मधली पाळी चुकवू नका, सुगी असो की लग्न. आणि उपचारानंतरचे दोन महिने मळणीच्या धुळीत नको, उन्हात जायचं तर मोठ्या काठाची टोपी. गांधी टोपीने नाकावर सावली पडत नाही.

माजलगावकर

टोपीचं अवघड आहे, पण बघतो. एक शेवटचं विचारतो, त्यांनीच विचारायला लावलंय. मिशी राहील ना?

परभणीचा_फिजिसिस्ट

फोडाच्या कडेपासून पाच मिलिमीटर ते एक सेंटिमीटरपर्यंतची चांगली कातडीही धरावी लागते. तुम्ही सांगता ती जागा बघता डाव्या बाजूची वरची कड त्यात येऊ शकते, आणि तेवढे केस बहुधा परत येणार नाहीत. बाकी मिशीला धक्का नाही. वरच्या ओठावर शिशाची पट्टी ठेवता येते का ते त्यांच्या फिजिसिस्टला पहिल्या पाळीआधीच विचारा. योजना एकदा पक्की झाली की मग बदलायला कुणी तयार होत नाही.

बाप्पा_परळी

मामाला मनावं दोन्ही बाजूनं सारखी कातरा. परळीला या, न्हाव्याचे पैशे माझ्याकडं.